वाइतांगीच्या करारात अनुवादकाने नेमकं काय केलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका गृहस्थांची मुलगी न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला नोकरी करते. ६ फेब्रुवारीला तिथे सुट्टी असते, कारण १८४० साली त्या दिवशी वाइतांगी इथे ब्रिटनची राणी आणि तिथल्या मूळच्या माओरी लोकांचे प्रमुख यांच्यात करार झाला. त्या सुट्टीवरून तिच्या ऑफिसात वाद रंगला. एकाचं म्हणणं, माओरींनी १८४० साली स्वतःच्या हाताने सही करून देश राणीला दिला, आता रडण्यात अर्थ नाही. दुसरीचं म्हणणं, सही घेतली एका मजकुरावर आणि दाखवला दुसराच, अनुवाद करणाऱ्या मिशनऱ्याने फसवलं. वडिलांना तीन गोष्टी हव्या आहेत: इंग्रजी आणि माओरी मजकुरांत फरक नक्की कुठे आहे, तो मुद्दाम केला का, आणि आज कायदा कोणता मजकूर धरतो.

मी करारनामे, मृत्युपत्रं आणि कोर्टाचे कागद इंग्रजीतून मराठीत आणि उलट करून पोट भरतो. वाइतांगीचे कागद मी बरीच वर्षं आवडीने वाचत आलोय, त्यामुळे इतिहासकाराची नाही, तर अनुवादाच्या टेबलावरची नजर एवढंच माझं भांडवल समजा. छोटं उत्तर हवं असेल तर: फरक खरा आहे आणि मोठा आहे, ‘एक शब्द चुकला’ ही गोष्ट मात्र मला पटत नाही. शब्द चुकला नव्हता, निवडला होता. का निवडला, याचा कागदोपत्री माग बऱ्यापैकी लागतो.

द्विभाषी करार हातात आला की मी आधी शेवटचं पान उलटतो. कोणत्या मजकुरावर सह्या आहेत, आणि ‘अर्थाबाबत मतभेद झाल्यास अमुक भाषेतील मजकूर ग्राह्य धरला जाईल’ हे कलम आहे की नाही, हे तिथे कळतं. आपल्याकडे साध्या फ्लॅटच्या करारातसुद्धा हे वाक्य असतं. वाइतांगीच्या करारात ते नाही. आणि सह्या बघा: देशभर फिरवलेल्या प्रतींवर मिळून ५०० हून अधिक प्रमुखांनी सह्या केल्या, काहींनी नाव लिहिलं, काहींनी खूण केली, काहींनी चेहऱ्यावरच्या गोंदणातली रेघ काढली. त्यांतल्या इंग्रजी मजकुरावर फक्त ३९. त्याही वाइतांगीला नाहीत, नंतर मनुकाउ आणि वाइकातो नदीच्या मुखाकडे घेतलेल्या. ६ फेब्रुवारी १८४० ला वाइतांगीच्या हिरवळीवर चाळीसहून अधिक प्रमुखांनी जी सही केली ती माओरी कागदावर. माझ्या धंद्यात ज्यावर सही तो करार. बाकी सगळा सोबतचा कागद.

आता हा कागद तयार कसा झाला ते बघू, कारण सगळी गोम तिथेच आहे.

कॅप्टन विल्यम हॉब्सन हा आरमारी माणूस, २९ जानेवारी १८४० ला न्यूझीलंडच्या उत्तरेकडे बे ऑफ आयलंड्समध्ये उतरला. त्याच्या खिशात लंडनहून वसाहतमंत्री नॉर्मनबी यांच्या ऑगस्ट १८३९ च्या सूचना होत्या: माओरींच्या राजीखुशीने, समजून-उमजून दिलेल्या संमतीने सार्वभौमत्व मिळवा. संमतीचा हा आग्रह निव्वळ सभ्यतेपोटी नव्हता. पाच वर्षांपूर्वी, २८ ऑक्टोबर १८३५ ला, उत्तरेकडच्या ३४ प्रमुखांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला होता आणि ब्रिटनने त्याची दखल घेतली होती. जे स्वतंत्र आहेत त्यांच्याकडून मागूनच घ्यायला हवं. शिवाय तेव्हा न्यूझीलंडमध्ये गोरे होते सुमारे २,०००, आणि माओरी त्यांच्या कितीतरी पट, बंदुका हाताळण्यात तरबेज. हॉब्सनकडे जोर करण्याएवढं सैन्य नव्हतंच.

सूचना होत्या, पण तयार मसुदा नव्हता. हॉब्सन आणि त्याचा सचिव फ्रीमन यांनी टिपणं काढली, हॉब्सन आजारी पडला, मग जेम्स बझ्बीने ती नीट केली. बझ्बी हा १८३३ पासून तिथे बसलेला ब्रिटिश रेसिडेंट. हे नाव लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. १८३५ चा जाहीरनामाही त्यानेच रचला होता.

४ फेब्रुवारीला दुपारी चारच्या सुमारास हॉब्सनने इंग्रजी मसुदा हेन्री विल्यम्सच्या हाती दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तो जमलेल्या प्रमुखांपुढे वाचायचा होता. म्हणजे हातात एक रात्र. विल्यम्स हा चर्च मिशनरी सोसायटीच्या तिथल्या मिशनचा प्रमुख, मूळचा नौदलातला अधिकारी, १८२३ पासून त्या मुलखात. बोलण्यात वाकबगार, पण मिशनमधला भाषापंडित तो नव्हे. तो मान त्याचा भाऊ विल्यम विल्यम्स याचा, आणि तो तिथे नव्हता. मदतीला २१ वर्षांचा मुलगा एडवर्ड, जो माओरी मुलांत वाढलेला. वकील कोणी नाही, आणि ज्यांना सही करायची त्यांच्या बाजूचा माणूसही कोणी नाही. अशी घाई मी अनेकदा पाहिली आहे. घाईत सुटतात त्या बारीक गोष्टी. मुख्य कलमाचा मुख्य शब्द असा सुटत नाही.

तर तो मुख्य शब्द. इंग्रजी पहिल्या कलमात प्रमुख राणीला ‘सार्वभौमत्वाचे सर्व हक्क आणि अधिकार’ देऊन टाकतात. माओरी पहिल्या कलमात ते देतात ‘ते कावानातांगा कातोआ’, म्हणजे त्यांच्या भूमीवरचा सगळा ‘कावानातांगा’. हा शब्द मूळ माओरी नाही. ‘गव्हर्नर’चं माओरी जिभेवर ‘कावाना’ झालं, त्याला भाववाचक प्रत्यय लागला. गव्हर्नरपण, गव्हर्नरचा कारभार.

दुसऱ्या कलमात इंग्रजीत राणी माओरींना त्यांच्या जमिनी, मालमत्ता, जंगलं, मासेमारीच्या जागा यांचा ‘पूर्ण, अनन्य आणि निर्वेध ताबा’ कबूल करते. हे मालकी हक्काचं साधं कलम झालं, कुठल्याही प्रजाजनाला देता येईल असं. माओरीत मात्र राणी कबूल करते ‘ते तिनो रांगातिरातांगा’: रांगातिरा म्हणजे प्रमुख, रांगातिरातांगा म्हणजे त्याची सत्ता, त्याचं प्रमुखपण; ‘तिनो’ म्हणजे खरंखुरं, पुरेपूर. कशावर? त्यांच्या जमिनी, त्यांची गावं आणि त्यांचे सगळे ‘ताओंगा’, म्हणजे मोलाच्या सगळ्या गोष्टी यांच्यावर.

दोन्ही कलमं लागोपाठ वाचा. इंग्रजीत राज्य राणीचं आणि मालमत्ता तुमची. माओरीत कारभार गव्हर्नरचा आणि सत्ता तुमची.

इथे पहिला बचाव येतो तो असा, की ‘सार्वभौमत्व’ ही युरोपातली कल्पना, माओरीत त्याला शब्दच नव्हता, बिचारा विल्यम्स काय करणार? त्याने स्वतःही नंतर लिहिलं आहे की, ज्यांना माओरीत नेमका शब्द नाही असे इंग्रजी शब्दप्रयोग टाळून कराराचा आशय कायम ठेवावा लागला. ऐकायला बरं वाटतं. पण १८३५ चा जाहीरनामा काढून शेजारी ठेवला की हा बचाव लंगडा पडतो. त्यात ‘सार्वभौम सत्ता आणि अधिकार’ या इंग्रजी शब्दांसमोर माओरीत ‘किंगितांगा’ आणि ‘माना’ असे शब्द आहेत. किंगितांगा म्हणजे राजेपण. माना म्हणजे माणसाचं तेज, अधिकार, प्रतिष्ठा आणि त्याच्या शब्दाला असलेलं वजन, सगळं एकत्र. त्याच जाहीरनाम्यात ‘कावानातांगा’ हा शब्दही आहे, पण वेगळ्या जागी: आम्ही नेमलेल्या माणसांखेरीज कोणालाही इथे कावानातांगा चालवता येणार नाही, असं प्रमुख तिथे म्हणतात. म्हणजे त्या कागदात कावानातांगा ही सर्वोच्च सत्ता नव्हे; सर्वोच्च सत्ता ज्यांच्याकडे आहे त्यांनी सोपवायचं ते काम. आणि ‘रांगातिरातांगा’? त्या जाहीरनाम्यात तो शब्द चक्क ‘स्वातंत्र्य’ या अर्थाने आला आहे.

आता ज्या प्रमुखाने १८३५ च्या कागदावर सही केली होती, तो पाच वर्षांनी वाइतांगीला बसून दुसरं कलम ऐकतोय असं समजा. राणी सांगते आहे की तुमचं रांगातिरातांगा पुरेपूर तुमचंच राहील. त्याच्या कानावर काय पडलं असेल?

यावर कोणी म्हणेल, रात्रीच्या गडबडीत पाच वर्षांपूर्वीचा कागद कोणाच्या ध्यानात असणार? इथे मला एक छोटी नोंद फार मोलाची वाटते, आणि कराराबद्दल बोलताना लोक ती पटकन ओलांडून जातात. ५ तारखेला सकाळी हॉब्सन आणि बझ्बी यांच्यासमोर माओरी मसुदा तपासला गेला. बझ्बीने एकच दुरुस्ती सुचवली. उत्तरेकडच्या प्रमुखांच्या संघासाठी विल्यम्सने ‘हुइहुइंगा’ लिहिलं होतं, त्याजागी ‘व्हाकामिनेंगा’ घाला. दोन्हींचा अर्थ जमाव, सभा असाच. पण १८३५ च्या जाहीरनाम्यात संघाला ‘व्हाकामिनेंगा’ म्हटलं होतं. म्हणजे तपासणाऱ्याच्या डोक्यात जुना कागद लख्ख होता. संघाचं नाव जुन्या कागदाशी जुळावं एवढी काळजी त्याने घेतली. आणि जो शब्द जुळला नव्हता, ज्यावर अख्खं राज्य टांगलेलं होतं, तिथे त्याने पेन उचललं नाही.

याला मी पुरावा म्हणणार नाही, कारण माणसाच्या मनात काय होतं ते कागदावरून सिद्ध होत नाही. पण अनुवाद तपासताना संपादकाने जिथे खूण केली त्यापेक्षा जिथे केली नाही ती जागा जास्त बोलते. रूथ रॉस नावाच्या इतिहासकार बाईंनी १९७२ साली माओरी मजकुराला मध्यभागी आणणारा निबंध लिहिला, तेव्हापासून हा प्रश्न उघडपणे विचारला जातो: पहिल्या कलमात ‘माना’ लिहिलं असतं तर किती जणांनी सही केली असती? माझं मत विचाराल तर जवळपास कोणीच नाही, आणि विल्यम्सला ते पक्कं ठाऊक असणार. करार व्हावा अशी त्याची मनापासून इच्छा होती. न झाल्यास जमीन-दलाल आणि वसाहत कंपन्या माओरींना ओरबाडतील असं मिशनऱ्यांना वाटत होतं, आणि त्यात तथ्यही होतं. त्यामुळे ‘फसवलं’ हा शब्द मी जपून वापरतो. सही होईल असा शब्द त्याने निवडला, हे मात्र बेधडक म्हणतो.

हे शब्द त्याला सापडले कुठून, तर बायबलात. बायबलातल्या ‘नव्या करारा’चं माओरी भाषांतर १८३७ च्या अखेरीस पाइहिआच्या मिशनच्या छापखान्यात छापून झालं होतं आणि प्रती हातोहात खपत होत्या. त्यात रोमन अधिकारी पंतय पिलात हा ‘कावाना’ आहे. आपल्या जुन्या मराठी बायबलात तोच पिलात ‘सुभेदार’ म्हणून भेटतो. तिथल्या भाषांतरकाराने मुलखातली ओळखीची हुद्देदारी उचलली, माओरीत तसा हुद्दा नसल्याने इंग्रजीच नाव वळवून घेतलं. आणि प्रभूच्या प्रार्थनेत आपण ‘तुझे राज्य येवो’ म्हणतो तिथे माओरीत आहे ‘रांगातिरातांगा’. म्हणजे चर्चमध्ये बसणाऱ्या माओरीच्या कानाला गव्हर्नरकी ही कैसराच्या हाताखालच्या पिलाताची आणि रांगातिरातांगा खुद्द देवाची. विल्यम्स रोज ती प्रार्थना म्हणवून घेत होता.

इथे दुसऱ्या बाजूचं म्हणणंही नीट मांडलं पाहिजे, कारण मुलीच्या ऑफिसातला तो पहिला गृहस्थ अगदीच हवेत बोलत नाही. माओरी पहिल्या कलमात प्रमुख कावानातांगा ‘कातोआ’ म्हणजे संपूर्ण देतात आणि ‘आके तोनू आतू’ म्हणजे कायमचा देतात, हे शब्द तिथे स्पष्ट आहेत. शिवाय गव्हर्नर म्हणजे काय हे माओरींना बायबलापुरतंच माहीत होतं असं नाही. कितीतरी जण जहाजांवरून सिडनीला जाऊन आले होते, तिथल्या गव्हर्नरच्या हातात फाशी देण्याची सत्ता आहे हे त्यांनी पाहिलं होतं. माओरी विद्वान ह्यू काफारू यांनी माओरी मजकुराचा पुन्हा इंग्रजीत अनुवाद केला, तो आज सगळ्यात जास्त वापरला जातो. त्यात ते कावानातांगाला ‘संपूर्ण शासन’ म्हणतात आणि टिपेत सांगतात की सार्वभौमत्व या अर्थाने शासन समजण्यासारखा अनुभव सही करणाऱ्यांकडे असणं शक्य नव्हतं. काफारूंचा अनुवाद उत्तम आहे, पण ही टीप मला जरा जास्तच ठाम वाटते. ५ फेब्रुवारीची चर्चा वाचली की तिथले लोक इतके अनभिज्ञ वाटत नाहीत.

ती चर्चा आपल्याला मुख्यतः विल्यम कोलेन्सोमुळे कळते. हा मिशनचा मुद्रक, बायबलातला ‘नवा करार’ छापणारा तोच, आणि माओरी जाणणारा. त्याने टिपून ठेवलेलं १८९० साली प्रसिद्ध झालं. बझ्बीच्या घरासमोर शिडांच्या कापडाचा मोठा तंबू, मधे मंच, हॉब्सन इंग्रजीत एकेक वाक्य बोलतोय आणि विल्यम्स ते माओरीत सांगतोय. पहिला उठला तो ‘ते केमारा’ हा प्रमुख (‘ते’ हा नावाचाच भाग). गव्हर्नर आणि मी बरोबरीचे असलो तर एक वेळ ठीक, पण गव्हर्नर वर आणि ते केमारा खाली हे जमणार नाही, असा त्याचा सूर. बोलता बोलता त्याने दोन्ही मनगटं जोडून बेड्या घातल्याचं सोंग केलं. मग त्याने थेट विल्यम्सकडे बोट करून, माझ्या जमिनी तूच घेतल्यास, त्या परत कर, असं सुनावलं. रेवा उठला, मोका उठला. दोघांचं म्हणणं तेच, गव्हर्नर नको आणि जमिनी परत द्या. बराच वेळ वारं विरोधातच होतं. पारडं फिरवलं ते होने हेके आणि विशेषतः तामाती वाका नेने यांनी. नेनेचं म्हणणं व्यवहाराचं होतं: गोरे आधीच आले आहेत, जमीन हातची जाते आहेच, तर राहा, आमचा बाप हो, आमच्या चालीरीती राख आणि आम्हाला गुलाम होऊ देऊ नकोस.

वाद कशावर चालला होता पाहा: गव्हर्नर आमच्या डोक्यावर की बरोबरीने. म्हणजे अधिकाराचा प्रश्न त्यांना पुरता कळला होता. त्यांना उत्तर काय मिळालं हा खरा मुद्दा आहे. आणि उत्तर सांगणारा दुभाषा स्वतःच वादातला पक्ष होता. विल्यम्सने आपल्या ११ मुलांसाठी हजारो एकर जमीन घेऊन ठेवली होती आणि सभेत टीका नेमकी त्यावरच चालली होती. सभेतल्या एका गोऱ्याने मधेच तक्रार केली की माओरींचं बोलणं गव्हर्नरला अर्धंही सांगितलं जात नाही आणि गव्हर्नरचं माओरींना. कोर्टात आज असं झालं तर दुभाषा तिथल्या तिथे बदलतात.

दुसऱ्या दिवशी सह्या सुरू होणार तेवढ्यात कोलेन्सोने धीर करून हॉब्सनला विचारलं, कराराची कलमं या लोकांना समजली आहेत असं आपल्याला वाटतं का? हॉब्सनचं उत्तर या मतलबाचं होतं की, नसतील समजली तर तो माझा दोष नाही, मला जे करता येण्यासारखं होतं ते मी केलं आहे. मग होने हेकेने पहिली सही केली. चार वर्षांनी, १८४४ च्या जुलैत, कोरोरारेका गावावरचा ब्रिटिश झेंड्याचा खांब त्याच्याच माणसांनी तोडला, पुन्हा उभारला की पुन्हा तोडला, आणि त्यातून उत्तरेची लढाई पेटली.

त्याच सभेत एक गोष्ट घडली जी इंग्रजी मजकुरात कुठेच नाही. कॅथलिक बिशप पोंपालिए यांनी धर्मस्वातंत्र्याची हमी मागितली. तेव्हा एक निवेदन माओरीत लिहून वाचून दाखवण्यात आलं: इंग्लंडचे, वेस्लियनांचे आणि रोमचे सगळे पंथ, आणि माओरींचे आचारही, गव्हर्नर सारखेच सांभाळेल. यालाच पुष्कळ माओरी कराराचं चौथं कलम मानतात. तोंडी संस्कृती असलेल्या समाजात सभेत उच्चारलेला शब्द कागदाइतकाच बांधील असतो, त्यामुळे नुसते दोन कागद समोरासमोर ठेवून भागत नाही.

तिसऱ्या कलमावर फार वेळ घालवायचं कारण नाही. राणीचं संरक्षण आणि ब्रिटिश प्रजेसारखे हक्क. दोन्ही मजकुरांत बऱ्यापैकी जुळतं. दुसऱ्या कलमाचा उत्तरार्ध मात्र बघाच, कारण जमिनी प्रत्यक्षात हातच्या गेल्या त्या त्या वाटेने. इंग्रजीत राणीला खरेदीचा ‘अनन्य अग्रहक्क’ मिळतो: माओरींनी जमीन विकायची तर फक्त सरकारलाच. माओरीत शब्द आहे ‘होकोंगा’. ‘होको’ म्हणजे देवाणघेवाण, खरेदी आणि विक्री दोन्ही. मालकाला विकायची इच्छा असेल ती जमीन राणीने घ्यावी, एवढंच त्यातून निघतं. दुसऱ्या कोणाला विकता येणार नाही हे निघत नाही. एकच गिऱ्हाईक असलं की भाव गिऱ्हाइकाचा. १८४८ च्या केंपच्या खरेदीत दक्षिण बेटाचा प्रचंड पट्टा सरकारने न्गाइ ताहू लोकांकडून २,००० पौंडांत घेतला. त्या एका वाक्याचा हिशेब चुकता व्हायला १९९८ उजाडलं, तेव्हा न्गाइ ताहूंशी १७ कोटी डॉलरची तडजोड झाली.

उत्तर टोकाला काइताइआ इथे एप्रिल १८४० मध्ये नोपेरा पानाकारेआओ या प्रमुखाने सह्यांच्या वेळी म्हटलं होतं की भूमीची सावली राणीकडे जाते, गाभा आपल्याकडे राहतो. कावानातांगा आणि रांगातिरातांगा यांचा ऐकणाऱ्याने लावलेला अर्थ याहून स्वच्छ कुठे मिळणार नाही. वर्षभरातच त्याने शब्द फिरवले: गाभा तिकडे गेला, सावली आमच्याकडे उरली.

सगळ्यांनीच सह्या केल्या असंही नाही. वाइकातोचा ते व्हेरोव्हेरो, ज्याने १८३५ चा जाहीरनामा मान्य केला होता, त्याने या करारावर सही केली नाही. १८५८ साली तोच पहिला माओरी राजा झाला. तुव्हारेतोआ जमातीचा ते हेउहेउ यानेही नकार दिला. हॉब्सनने मात्र सह्या गोळा करणं चालू असतानाच, २१ मे १८४० ला, सगळ्या देशावर सार्वभौमत्व जाहीर करून टाकलं: उत्तर बेट कराराने मिळालं म्हणून, दक्षिण बेट शोधलं म्हणून.

आता ‘मूळ’ कोणतं आणि ‘अनुवाद’ कोणता, हा घोळ. हॉब्सनने वरिष्ठांना कराराच्या इंग्रजी प्रती पाठवल्या त्या पाच, आणि त्या एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. फरक बहुतेक प्रस्तावनेत आहेत. विल्यम्सने ४ तारखेला जो इंग्रजी कागद पुढ्यात घेऊन अनुवाद केला तो नेमका कागद आज हाती नाही. आणि गंमत म्हणजे एका इंग्रजी प्रतीखाली खुद्द विल्यम्सचा दाखला आहे की, हा वाइतांगी कराराचा भाषेच्या वळणाला झेपेल तितका शब्दशः अनुवाद आहे. दाखला इंग्रजी मजकुराखाली! अनुवादकाच्या लेखी करार म्हणजे माओरी कागद आणि इंग्रजी हा त्याचा अनुवाद, असा त्याचा सरळ अर्थ होतो. तो इतका विचार करून लिहिला असेल का, ते सोडून द्या. सही-शिक्क्याच्या दृष्टीने तो बरोबरच आहे.

कायद्याचं सांगायचं तर पहिली शंभर-सव्वाशे वर्षं प्रश्न निघालाच नाही, कारण करारालाच कोणी विचारत नव्हतं. १८७७ साली वी पाराटा खटल्यात न्यायमूर्ती प्रेंडरगास्ट यांनी करार निव्वळ शून्यवत आहे असं म्हटलं आणि ते बराच काळ चाललं. कागदांची अवस्थाही तशीच. १९०८ साली डॉ. हॉकेन यांना ते वेलिंग्टनच्या सरकारी इमारतीच्या तळघरात सापडले, पाण्याने खराब झालेले आणि उंदरांनी कुरतडलेले. चक्र फिरलं १९७५ च्या कायद्याने. त्याने वाइतांगी न्यायाधिकरण स्थापन केलं, आणि दोन्ही मजकूर परिशिष्टात जोडून त्यांतून कराराचा अर्थ ठरवण्याचं काम त्याच्यावर सोपवलं. १९८५ च्या दुरुस्तीने १८४० पर्यंत मागे जाऊन दावे घेता येऊ लागले.

न्यायाधिकरणाने १९८३ सालीच मोतुनुइच्या किनाऱ्यावरच्या मासेमारीच्या दाव्यात माओरी मजकुराला जास्त वजन दिलं. त्याचं एक कारण आमच्या रोजच्या कामातलं आहे: मसुदा ज्याने केला, संदिग्धतेचा तोटा त्याने सोसायचा. पुढे ‘ताओंगा’ या एका शब्दावर माओरी भाषाच मोलाची ठेव आहे असा निष्कर्ष निघाला आणि १९८७ च्या कायद्याने ती अधिकृत भाषा झाली. त्याच वर्षी अपील कोर्टाने सरकारी जमिनींच्या खटल्यात भागीदारीचं तत्त्व मांडलं. ‘कराराची तत्त्वं’ हा शब्दप्रयोग कायद्यात का आला, तर दोन मजकूर जुळत नाहीत म्हणून. शब्दांवर अडून बसण्याऐवजी दोन्हींतून निघणारी तत्त्वं पाहायची. तोडगा कामचलाऊ आहे, पण बऱ्यापैकी चालला.

२०१४ साली न्यायाधिकरणाने उत्तरेकडच्या लोकांच्या दाव्यात स्पष्ट म्हटलं की फेब्रुवारी १८४० मध्ये सही करणाऱ्या प्रमुखांनी सार्वभौमत्व सोडलं नव्हतं. गव्हर्नरबरोबर सत्ता वाटून घ्यायला ते राजी झाले होते. सरकारने लगेच सांगितलं की सार्वभौमत्व सरकारकडेच आहे, त्यात शंका नाही. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात. पहिलं १८४० च्या संमतीबद्दल आहे, दुसरं आजच्या सत्तेबद्दल. ऑफिसातले निम्मे वाद या दोन प्रश्नांची सरमिसळ केल्याने होतात.

अलीकडचं प्रकरण त्या मुलीला माहीत असेलच. कराराची तत्त्वं संसदेने कायद्याने ठरवून टाकावीत असं विधेयक ॲक्ट पक्षाच्या डेव्हिड सीमोर यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलं. हाना-राफिती माइपी-क्लार्क या तरुण खासदार बाईंनी सभागृहात प्रत फाडून हाका, म्हणजे माओरींचा घोषणांसह केला जाणारा नाच, केला तो व्हिडिओ आपल्याकडेही घरोघरी फिरला. १० एप्रिल २०२५ ला विधेयक ११ विरुद्ध ११२ मतांनी पडलं. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयात आंदोलकांनी इंग्रजी मजकुराचा भलामोठा फलक रंग फवारून आणि यंत्राने घासून खरवडला होता. तक्रार अशी की दोन्ही फलक सारख्याच आकाराचे लावून संग्रहालय दोन्ही मजकूर एकाच तोलाचे असल्याचं भासवतं. फलक खरवडणं मला पटत नाही, तक्रार पटते. सह्यांच्या संख्येच्या प्रमाणात फलक लावायचे तर इंग्रजीचा पोस्टकार्डाएवढा निघेल.

मुलीला वाचायचंच असेल तर तिने काफारूंचा अनुवाद आणि इंग्रजी मजकूर शेजारी ठेवून वाचावा, आणि तिसरा कागद म्हणून १८३५ चा जाहीरनामा घ्यावा. तो न वाचता बसलेल्या माणसाशी पहिल्या कलमावर वाद घालण्यात वेळ जातो. वेलिंग्टनला जाणं झालं तर राष्ट्रीय ग्रंथालयात करार आणि जाहीरनामा, दोन्हींचे मूळ कागद मांडलेले आहेत. कराराचे नऊ ताव आहेत, आठ माओरी आणि एक इंग्रजी. वाइतांगीचा ताव उंदरांनी बराच खाल्ला आहे, पण होने हेकेची सही शोधायला फार वेळ लागत नाही.